वाडा, चौकट आणि उंबरठा

जुना वाडा पडूं द्यावा कीं राखावा, आणि राखावयाचा तर कोणासाठीं राखावा, हा प्रश्न मराठवाड्यांतील बहुतेक मोठ्या गांवांपुढें आज उभा आहे. पुण्याच्या वाचकांस वाडा म्हटला म्हणजे पेशवाई आठवते. गोदावरीच्या खोऱ्यांतील वाचकास मात्र आपल्याच गांवच्या पांढरीवरचें, अर्धें पडलेलें व अर्धें कुलपांत असलेलें एखादें घर आठवतें. नांदेड जिल्ह्यांतील उमरीचेंच उदाहरण घ्या. मुदखेडाहून निजामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें तालुक्याचें ठिकाण. भोंवतीं काळी जमीन व कापसाचा मुलूख. किनवट-माहूरकडील सागवानाचें रान त्याच जिल्ह्यांत. अशा प्रदेशांत सागाचे खांब आणि पांढऱ्या मातीचें माळवद यांचीं घरें निपजावीं यांत नवल नाहीं. देशमुख-देशपांड्यांचे वाडे मोठे आणि कुणब्याचें घर लहान. पण रचनेचें व्याकरण दोहोंचें एकच.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतांत सामील झालें आणि पुढल्याच वर्षीं जहागिरी रद्द झाल्या. कूळकायदे आले, वतनें गेलीं. हें सर्व न्याय्यच होतें, आणि त्याबद्दल आम्हांस यत्किंचितही खेद नाहीं. परंतु ज्या उत्पन्नावर वाड्याची दरसालची डागडुजी चाले तें उत्पन्न आटलें, वारसांत वांटण्या झाल्या, मुलें शहरांत गेलीं, आणि वाडा कोणाचाच राहिला नाहीं. आज त्याचें तीनपैकीं एक होतें. कोठें तो हळूहळू ढासळतो. कोठें त्याचे कोरीव खांब विकले जाऊन शहरांतील उपाहारगृहांच्या दारांत उभे राहतात. आणि फार थोड्या ठिकाणीं तो गांवाच्या कामीं लावावा, त्यांत वाचनालय, अभ्यासिका, सभेची जागा करावी, असा विचार निघतो. या तिसऱ्या मार्गाचा आम्ही येथें विचार करणार आहों.

हा विषय वास्तुशास्त्रज्ञांवर सोंपवून मोकळें व्हावें, असें कांहीं वाचक म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. जुनें नाटक नव्या रंगभूमीवर आणतांना कोणता प्रवेश ठेवावा, कोणता गाळावा, आणि गाळतांना नाटकाचा जीव तर जात नाहीं ना, हें ज्याप्रमाणें टीकाकारानें पाहावयाचें, त्याचप्रमाणें जुन्या वास्तूला नवें काम देतांना काय राखलें व काय बदललें हेंही टीकेनेंच तपासावयाचें आहे. वास्तु ही सुद्धां एक रचना आहे. तिलाही आशय असतो, आणि तो नेहमींच निर्मळ असतो असें नाहीं.

प्रथम ही रचना नीट समजून घेतली पाहिजे. दगडी जोत्यावर दगडाचींच उथळीं बसवितात, उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या पातळ किलचा, आणि या सर्वांवर मातीचा जाड थर. खांबाखांबांमधल्या जागेस खण म्हणतात, आणि घर केवढें हें त्याच्या खणांवरून सांगतात. भोंवतालच्या दगडमातीच्या भिंती हातभराहून अधिक जाड असतात. त्यांनीं ऊन अडतें, चोर अडतो, परक्याची नजर अडते. परंतु चांगल्या बांधणीच्या वाड्यांत छपराचा भार मुख्यतः भिंतींवर नसतो; तो लाकडाच्या चौकटीवर असतो. भिंत म्हणजे त्या चौकटीभोंवतीं घातलेलें पांघरूण. वैशाखांत नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, अशा वेळीं या पांघरुणाचें मोल कळतें. तरी घर उभें असतें तें खांबांवर, हें विसरतां कामा नये. कारण पुढील सारें विवेचन या एका गोष्टीवर आधारलेलें आहे.

या रचनेची अतिशय क्रूर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं झाली. गणपतींचें विसर्जन करून निजलेल्या लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांतील गांवांना पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें गांठलें. सात हजारांहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांतील बहुतेकांचा प्राण घेतला तो त्यांच्याच घरांनीं. चिखलांत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती फुटल्या आणि माळवदें खालीं आलीं. माळवद इतकें जड कां झालें होतें? गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वीं त्यावर मातीचा नवा थर टाकावयाचा, पण जुना काढावयाचा नाहीं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. म्हणजे घराची घेतलेली निगाच शेवटीं घरच्या माणसांच्या छातीवर बसली. मागाहून झालेल्या पाहणींत एक दुसरीही गोष्ट आढळली. कांहीं ठिकाणीं भिंती बाहेरच्या बाजूस कोसळल्या होत्या, पण आंतील लाकडी चौकट तें मातीचें ओझें डोक्यावर घेऊन उभी होती.

पुनर्वसनांत ५२ गांवें सबंधच नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जेथें जुनीं घरें राहिलीं तेथें दुरुस्तीच्या सूचना दिल्या गेल्या: माळवदावरील माती कमी करा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांत तिरकस आधार द्या, भिंतीच्या दोन पदरांना सांधणारे लांब दगड घाला. सूचना योग्य होत्या. परंतु माळवदाची भीति लोकांच्या मनांत बसली ती बसलीच, आणि तीही योग्यच होती. ज्याच्या घरचें माणूस त्या मातीखालीं गेलें त्याला वारशावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. म्हणून वाडा सार्वजनिक कामासाठीं राखावा असें म्हणणाऱ्यानें पहिली अट ही मान्य केली पाहिजे कीं, तो निर्धोक करतां येत नसेल तर त्यांत गांवचीं मुलें बसवूं नयेत. खांबाचें नक्षीकाम कितीही सुंदर असो, तें एका मुलाच्या जिवाहून मोलाचें नाहीं.

ही अट पुरी झाली असें धरून पुढें जाऊं. चौकट भार घेते व भिंत घेत नाहीं, या गोष्टींत वाड्याच्या नव्या आयुष्याची किल्ली आहे. वाड्यांत भिंती कशाकशासाठीं होत्या, हें पाहिलें म्हणजे आमचें म्हणणें स्पष्ट होईल. मोठ्या दरवाज्यांत लहान दिंडी, आंत शिरतांना वांकावें लागेल अशी. तिच्या आंत देवडी, तेथें राखणदार. मग ढाळज, आल्यागेल्यानें, कुळानें, सालगड्यानें तेथवर यावें. पुढें चौक, चौकापलीकडे सोपा आणि बैठक. तेथें बरोबरीचे लोक. त्याच्या आंत माजघर, जेथून स्त्रियांनीं बाहेर पाहावें पण बाहेरच्यांनीं आंत पाहूं नये. सर्वांत आंत देवघर आणि धान्याचीं बळदें. गांवांतील प्रत्येक माणसाला आपण कोणत्या उंबरठ्यापाशीं थांबावयाचें हें न सांगतां ठाऊक असे, आणि ज्यांना अस्पृश्य म्हटलें जाई त्यांचा उंबरठा दिंडीच्याही बाहेर होता. वाड्याची मांडणी म्हणजे गांवाच्या उच्चनीचतेचा दगडमातींत काढलेला नकाशाच होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

असा वाडा जेव्हां लोकांसाठीं उघडतो तेव्हां लाकूड राहतें कीं जातें, आणि उंबरठा बदलतो कीं तसाच राहतो, असे दोन वेगळे प्रश्न उद्भवतात. त्यांची गल्लत झाल्यामुळें आमच्याकडील बहुतेक चर्चा फसते. हे दोन प्रश्न वेगळे कसे, तें महाराष्ट्रांतील चार वास्तूंच्या उदाहरणांवरून दाखवितां येईल.

पहिलें उदाहरण मराठवाड्यांतलेंच आहे. पैठण येथील एकनाथांचा वाडा आज नाथमंदिर म्हणून ओळखला जातो. नाथ १५९९ मध्यें गेले. त्यानंतर वास्तूची दुरुस्ती वेळोवेळीं होत आली आहे. गृहस्थाचें घर लोकांचें झालें, आणि लोकांचें झालें म्हणूनच टिकलें, हें त्याचें वैशिष्ट्य. तेथें श्रीखंड्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला रांजण आहे, आणि नाथषष्ठीच्या सुमारास भाविक गोदेचें पाणी आणून तो भरतात. श्राद्धाचें अन्न नाथांनीं अस्पृश्यांस वाढलें ही परंपरेनें सांगितलेली कथा याच घराची. कथेचा ऐतिहासिक पुरावा कोणी मागेल तर मागो. पण एका मोठ्या घराची थोरवी सांगावयाची झाली तेव्हां लोकांनीं खांबांची संख्या सांगितली नाहीं, उंबरठा कोणी ओलांडला तें सांगितलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण पुण्याच्या विश्रामबागवाड्याचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दुसऱ्या बाजीरावानें बांधलेल्या या वाड्याचें सागवानी दर्शन आणि सुरूच्या आकाराचे कोरीव खांब यांची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे, आणि ती यथार्थ आहे. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्यें तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगींत वाड्याचा मोठा भाग जळाला, पुढें तो सांवरला, नगरपालिकेची कचेरी कित्येक वर्षें तेथें होती, टपालकचेरी आली, ग्रंथालय आलें. लाकूड राखण्याच्या दृष्टीनें हें उदाहरण आदर्शाच्या जवळचें आहे. परंतु १८२१ ची ती पाठशाळा आरंभीं ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. राजाचा विलासमहाल शाळा झाला, तरी दिंडी होती तेवढीच राहिली. टपालाचें तिकीट घ्यावयास कोणीही आंत जाऊं शकेल अशी स्थिति पुढें आली तेव्हां तो वाडा खऱ्या अर्थानें सार्वजनिक झाला. पंडितांच्या पाठशाळेनें जें केलें नाहीं तें टपालाच्या खिडकीनें केलें, हा विनोद नव्हे. सार्वजनिक वास्तूच्या टीकेंतला तो एक गंभीर सिद्धांत आहे.

तिसरें उदाहरण साताऱ्याचें. तेथील राजवाड्यांत भरणाऱ्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि पाळावाच. छत्रपतींच्या वाड्यांत एका महार सुभेदाराचा मुलगा पाटीदप्तर घेऊन शिरतो, याहून मोठें रूपांतर कोणत्या इमारतीचें व्हावें? पण लहानपणच्या शाळेविषयीं आंबेडकरांनीं स्वतः जें लिहून ठेविलें आहे तें वाचलें म्हणजे आपला आनंद आंवरावा लागतो. वर्गांत त्यांना निराळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाहीं. दरवाजा उघडला होता, पण डोळ्यांना न दिसणारी भिंत वर्गाच्या मधोमध उभी होती. इमारतीचा उपयोग बदलला म्हणजे तिचा आशय बदललाच, असें मानणाऱ्यांनीं हें गोणपाट विसरूं नये.

चौथें उदाहरण पुन्हां पुण्याचें, आणि सर्वांत बोधप्रद. बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत १८४८ मध्यें जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. वाडा कांहीं राजवाडा नव्हता. तात्यासाहेब भिड्यांनीं आपल्या घरची जागा दिली, इतकेंच. एकाही भिंतीस हात न लावतां त्या वाड्याचा उंबरठा त्या एका कृतीनें जितका खालीं आला तितका महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याही वाड्याचा आला नसेल. पुढें मात्र तो मोडकळीस आला, भाडेकरूंचे व मालकीचे वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत चालले, आणि स्मारकाचा मार्ग मोकळा झाला तेव्हां, २०२३ च्या डिसेंबरांत, राहिलेली जीर्ण इमारत पाडण्यांत आली. ज्या वाड्यानें उंबरठा बदलला त्याचें लाकूड कोणीं राखलें नाहीं. स्मारक व्हावें हें रास्तच. परंतु ज्या जिन्यानें त्या पहिल्या मुली चढल्या असतील त्या जिन्याची जागा कोणतेंही नवें स्मारक घेऊं शकत नाहीं. वेळेवर वर्षाकाठीं थोडथोडी दुरुस्ती झाली असती तर हा प्रसंग टळता, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

या चार उदाहरणांचें तात्पर्य असें कीं, लाकूड आणि उंबरठा हे एकमेकांबरोबर आपोआप येत नाहींत. विश्रामबागेंत लाकूड राहिलें, उंबरठा उशिरां बदलला. भिडेवाड्यांत उंबरठा आधीं बदलला, लाकूड गेलें. दोहोंची सांगड घालणें हें मुद्दाम करावयाचें काम आहे; पैठणची परंपरा त्याची दिशा दाखविते, आणि साताऱ्याचें गोणपाट त्यांतील धोका दाखवितें.

येथें जगांतल्या अनुभवाशीं आपला अनुभव ताडून पाहणें इष्ट होईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेंत जुन्या वास्तूंच्या जतनाचीं तत्त्वें सांगितलीं आहेत. त्यांतील एक असें कीं, वास्तूला समाजोपयोगी काम दिल्यास तिच्या जतनास मदत होते, मात्र त्यासाठीं तिची मांडणी आणि अलंकरण बदलूं नये. उत्तर जर्मनीच्या शेतकऱ्यांचीं जुनीं घरें घेतलीं तर हें तत्त्व सहज लागूं पडतें. तीं घरेंही लाकडी चौकटीचींच. माणसें, गुरें आणि धान्य एकाच प्रचंड छपराखालीं, आणि मधोमध मळणीची ऐसपैस जागा. त्यांपैकीं कित्येक आज गांवचीं सभागृहें झालीं आहेत. जेथें पूर्वीं मळणी चाले तेथें आतां सभा भरते, कारण ती जागा मुळांतच घरांतील सर्वांच्या कामाची होती. मांडणी न बदलतां उपयोग बदलला तरी कांहीं बिघडत नाहीं.

आमच्या वाड्याचें तसें नाहीं. येथें मांडणी हाच वादाचा विषय आहे. देवडी, ढाळज, सोपा, माजघर ही उतरंड जशीच्या तशी राखून वाचनालय थाटलें, तर पुस्तकें माजघरांत आणि गरिबांचीं मुलें ढाळजेंत बसलेलीं दिसूं लागतील. तसें कोणी ठरविलें नाहीं तरी भिंती तें ठरवितील. म्हणून सनदेचा योग्य तो आदर राखून आम्हांस म्हणावेंसें वाटतें कीं, मराठवाड्याच्या वाड्यांत चौकट राखावी आणि मांडणी बदलावी. सुदैवानें ही वास्तु तशी मोकळीक देते. खांब, तुळया, कड्या जागच्या जागीं ठेवून सोपा आणि माजघर यांमधील भिंत काढतां येते, आणि छप्पर पडत नाहीं. मात्र भूकंपाच्या धक्क्यांत अशी भिंत चौकटीला बाजूनें थोडाबहुत टेकू देत असते, म्हणून ती काढतांना जाणत्या स्थापत्यविशारदाच्या सल्ल्यानें खांबतुळईंत तिरकस आधार घातलेच पाहिजेत. माणसांना वेगळें करणारी भिंत गेली तरी घर उभें राहतें, हें ज्या सुतारांनीं मुळांत चौकट उभारली त्यांनीं आपल्या हातांनीं सिद्ध करून ठेविलें आहे. आपण तें वाचलें नाहीं, एवढेंच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बाजूस सारण्यासारखा नाहीं. वाडा म्हणजे वेठबिगारीची, सावकारीची, स्त्रियांच्या कोंडमाऱ्याची आठवण. तो राखावयाचाच कशाला? पडूं द्यावा, आणि त्या जागीं सर्वांसाठीं नवें सभागृह बांधावें. ज्यांच्या आजोबांनीं त्या दिंडीबाहेर हात जोडून उभें राहण्यांत आयुष्य घालविलें त्यांच्या तोंडीं हा आक्षेप आला तर आम्ही मान खालीं घालून ऐकूं. परंतु त्यांच्यापुढें आम्हांस एकच गोष्ट ठेवावयाची आहे. तो वाडा उभारला कोणीं? साग तोडून आणणारे, दगड फोडणारे वडार, खांब कोरणारे सुतार, माती तुडविणारे मजूर हे वाड्याचे मालक नव्हते; त्यांतील पुष्कळांना काम संपल्यावर ढाळजेंतही बसतां आलें नाहीं. वाडा पाडला म्हणजे मालकाचा माज पडतो, हें खरें. पण त्याबरोबर त्यांच्या हातचा एकुलता एक पुरावाही पडतो. वाडा त्यांच्या नातवांच्या ताब्यांत जावा, यांत आम्हांस अधिक न्याय दिसतो.

शिवाय नव्या सभागृहाचीही परीक्षा झाली पाहिजे. गांवोगांवीं सरकारी निधींतून उभीं राहिलेलीं सभागृहें वाचकांनीं पाहिलींच असतील: काँक्रीटचा आयत, वर पत्रा किंवा स्लॅब, लोखंडी शटर, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत नांवांची पाटी. त्यांत दहा माणसें बोलूं लागलीं कीं एकाचेंही ऐकूं येत नाहीं, आणि उन्हाळ्यांत दुपारीं तेथें बसवत नाहीं. माती आणि लाकूड आवाज शोषून घेतात. ढाळजेंत बसून हळू बोललेलें समोरच्याला कळतें. ज्या वास्तूंत माणसाला आवाज चढवावा लागत नाहीं ती सभेला, वाचनाला आणि अभ्यासाला अधिक योग्य, हें कोणीही कबूल करील. नवी इमारत नको असें आम्ही म्हणत नाहीं. सर्वांना समान प्रवेश हा नव्या सभागृहाचा गुण आणि बसावेंसें वाटणें हा जुन्या वाड्याचा गुण, हे दोन गुण एके ठिकाणीं आणतां येतात, इतकेंच आमचें म्हणणें.

उलट बाजूनें, वाडा राखल्याचा देखावा करून त्याचा जीव घेण्याचे प्रकारही वाढले आहेत. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा देतात. मग आंतला ओलावा कोंडतो आणि भिंतींत असलेलें लाकूड कुजतें, वाळवीच्या तोंडीं जातें. सागाच्या खांबांना चकचकीत तेलरंग फांसतात. जोत्याच्या दगडावर गुळगुळीत टाइल बसवितात. कोठें वाडा लग्नकार्यासाठीं भाड्यानें जातो आणि चौकांत पडदे, झुंबरें, गाद्यागिरद्या लावून पाहुण्यांना तासभर सरदार झाल्याचें सुख देण्यांत येतें. यांत लाकूडही नीट राहत नाहीं आणि उंबरठा तर पूर्वींपेक्षां उंच होतो, कारण पूर्वीं तो जातीचा होता, आतां पैशाचा. १८७७ मध्यें विल्यम मॉरिस यानें इंग्लंडांत जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली ती याच प्रकाराला विटून. जुन्याला नटवूं नका, त्याची रोजची निगा राखा, हें त्या संस्थेच्या सांगण्याचें सार. मराठवाड्यांतील वाड्यांना तें आज तंतोतंत लागूं आहे, फक्त त्याला किल्लारीची पुस्ती जोडली पाहिजे: निगा राखतांना ओझें वाढवूं नका.

आतां उमरीकडे परत येऊं. या गांवाचें नांव मराठवाड्याच्या इतिहासांत आहे तें ३० जानेवारी १९४८ मुळें. त्या दिवशीं मुक्तिलढ्यांतील कार्यकर्त्यांनीं तेथील बँकेवर छापा घालून लढ्यासाठीं २० लाखांहून अधिक रुपये नेले. त्याच सायंकाळीं दिल्लींत महात्माजींची हत्या झाली. निजामी अमलांत सभा भरवावयाची तर आधीं परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ हें नांव जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकूं येतें. ज्या मुलुखांत चारचौघांनीं एकत्र बसणें हाच एके काळीं गुन्हा ठरूं शके, तेथें गांवाला एकत्र बसण्यासाठीं स्वतःची, सुंदर आणि सर्वांना खुली जागा असणें ही चैनीची गोष्ट नाहीं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, आणि त्यान्वयें लहान गांवच्या वाचनालयासही मान्यता व अनुदान मिळूं शकतें. परीक्षांचा अभ्यास करणारीं मुलेंमुली शांत जागेसाठीं तालुक्याला धांवतात हें आपण रोज पाहतों. गरज आहे, वास्तु आहे, कायदा आहे. उणीव आहे ती विचाराची.

म्हणून उमरीच्या परिसरांत, किंवा नांदेड-लातूरकडील कोणत्याही गांवांत, एखादा वाडा लोकांसाठीं उघडण्याचें घाटत असेल तर आमच्या कांहीं सूचना आहेत. माळवदावरील मातीचे जुने थर आधीं उतरवावे. दिंडीखेरीज दुसरें रुंद दार पाडावें. लाकडाच्या घराला आगीचें भय असतें आणि एकट्या दिंडींतून गर्दी बाहेर पडूं शकत नाहीं, म्हणून हें सुरक्षिततेचें काम आहे; आणि कोणालाही न वांकतां आंत येतां यावें म्हणून तें न्यायाचेंही काम आहे. तेथेंच जोत्याला उतार द्यावा, म्हणजे म्हाताऱ्याला व अपंगाला हात धरावा लागणार नाहीं. माजघराची भिंत काढून तेथें मुलींच्या बसण्याची सोय मागें नव्हे, उजेडाच्या बाजूस करावी. कारभार वारसदारांच्या एकट्याच्या हातीं ठेवूं नये. गांवच्या सर्व वस्त्यांची माणसें त्यांत असावीं. आणि पाटी लावावयाचीच असेल तर तिच्यावर मालकाच्या नांवाआधीं सुतारांचा व वडारांचा उल्लेख असावा.

असें रूपांतर साधलें कीं फसलें, हें ओळखण्यास टीकाकाराला नकाशे आणि अहवाल पाहण्याची गरज नाहीं. त्यानें एखाद्या उन्हाळ्याच्या दुपारीं, न सांगतां, त्या वाड्यांत जावें. खांबांवरून हात फिरवून लाकूड कोरडें आहे का, तें पाहावें. मग पिण्याच्या पाण्याचा रांजण कोठें ठेवला आहे, आणि त्यांतलें पाणी बाहेरून आलेलें पोर कोणाला न विचारतां स्वतःच्या हातानें घेतें का, तें पाहावें. दोन्ही गोष्टी ठीक असतील तर तो वाडा राखला गेला, असें त्यानें खुशाल लिहावें.